कबाडीवाल्याला कॅसेट द्यायच्या आधी

मागच्या दिवाळीच्या आधी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी माळा साफ करायला काढला तेव्हा वरून कॅसेटचे तीन खोके निघाले. खाली गल्लीत कबाडीवाला ठेला घेऊन उभाच होता, त्यानं एक खोका उघडला, दोन कॅसेट हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं अन् परत ठेवल्या. "भाऊ, याचं काही येत नाही. लोखंड, पत्रा असंल तं द्या." म्हणजे रद्दीला भाव आहे, फुटक्या बादलीला आहे, पण कॅसेटला कबाडी पण हात लावत नाही.

खोके परत आत आणले. बाबांच्या अक्षरातली लेबलं, 'तलत १', 'वसंतराव रेडिओ', 'नाट्यसंगीत अर्धी', अन् पाच-सहांवर नुसतं 'मिक्स'. बाबांना रेडिओवरून गाणी टेप करायचा भारी नाद, टू-इन-वनसमोर मांडी घालून बसायचे अन् निवेदक बोलायचा थांबला रे थांबला की बटन दाबायचे, तेव्हा घरात कोणी शिंकलं तरी डोळे वटारायचे. तर एका मिक्सच्या बी साइडला दोन गाण्यांच्या मधात अकरा मिनिटं गाणंच नाही. अंगण आहे, कावळा आहे, सायकलची घंटी आहे, अन् माझी आजी आहे जी जुन्या कपड्यांवर भांडे देणाऱ्या बाईशी घासाघीस करून राहिली आहे. रेकॉर्ड करायला लाल बटन अन् प्ले अशी दोन बटनं सोबत दाबावी लागायची, त्यामुळे हे आपोआप झालं म्हणता येत नाही, मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो, बटनं दाबायचा मला रोगच होता, म्हणजे संशयित एकच आहे.

"काय व, पाच लुगडे अन् दोन पॅन्टा घेऊन हा एवढासा गंज देऊन राहिली? मले येडी समजून राहिली का?" "बाई, लुगडे पहा ना, इरले हायेत." असं अकरा मिनिटं. गंज, गुंड, कोपर अशी भांडी, मधेच सांबार निवडायला सांगितलाय कोणाला तरी. आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आवाज लगेच ओळखू आला, पण चमकलो मी भाषेनं. आमच्या घरात आता असं कोणीच बोलत नाही. मुलगी सांबाराला कोथिंबीर म्हणते, मी ऑफिसात असलो की गंजाला पातेलं म्हणतो, अन् आई सुद्धा फोनवर पाहुण्यांशी बोलताना 'मला' म्हणते, 'मले' नाही. ही भाषा घरातून नेमकी कधी गेली ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मग मी ती कॅसेट बर्डीवर एका दुकानात डिजिटल करायला दिली. चार दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला, पोट्टा मोठ्या उत्साहानं म्हणे, "काका, गाणे एकदम क्लीन करून दिले, हिस् काढली, मधात कोणत्या तरी बायका बोलून राहिल्या होत्या, तो पार्ट पण उडवून टाकला." पैसे मी दिले. त्याची काही चूक नव्हती हो, त्याच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक गाण्यासाठी येतं, बायकांचं बोलणं म्हणजे त्याच्या हिशोबानं कचराच. मूळ कॅसेट परत मिळाली होती म्हणून बरं, पण घरी येऊन मी ती जुन्याच टू-इन-वनमध्ये घातली अन् टेपनं फीत खाल्ली. पेन्सिल घालून गुंडाळली, दोनेक मिनिटांचा भाग चुरगळला तो चुरगळलाच.

तेव्हापासून हे डोक्यात आहे अन् आज सरळ लिहूनच टाकतो: लोकांच्या घरच्या कॅसेट उतरवून घेणं हे सार्वजनिक वाचनालयांचं काम असलं पाहिजे. दुकानाचं नाही, हौशी नातवाचं नाही. नागपुरात निदान दोन-तीन मोठ्या वाचनालयांत एक चांगला टेप डेक, एक कॉम्प्युटर अन् एक शिकवलेला माणूस असावा, एक कॉपी घरच्यांना द्यावी, एक वाचनालयानं नोंद करून ठेवावी. मित्रांना सांगितलं तर हसले, म्हणे सगळं यूट्यूबवर आहे ना बाप्पा. सगळं म्हणजे काय? तलत आहे. तलतची काळजी कोणी करायची गरज नाही, त्याच्या मास्टर कॉपीज कंपन्यांच्या कपाटात आहेत. माझी आजी यूट्यूबवर नाही.

आवाज साठवायच्या मशीनींचा इतिहास आपण नेहमी ऐकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. तबकडी आली, कॅसेट आली, वॉकमन आला, सीडी, आयपॉड, आता फोन. एकदा तो लाल बटनाच्या बाजूनं सांगून पाहा, म्हणजे भरायचं बटन साध्या माणसाच्या हातात कधी होतं अन् कधी नव्हतं, मग चित्र फार वेगळं दिसतं.

सगळ्यात आधीचं मशीन तर ऐकायचं नव्हतंच. फ्रान्समधल्या स्कॉत द मार्तँव्हीलनं १८५७ मध्ये असं यंत्र काढलं की आवाजाची लाट काजळी लावलेल्या कागदावर रेघ म्हणून उमटायची, फक्त बघायला. १८६० मध्ये त्यानं एका फ्रेंच लोकगीताची ओळ अशी उमटवून ठेवली. तो कागद पॅरिसमध्ये पडून होता अन् २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कॉम्प्युटरनं त्या रेघेचा परत आवाज केला, सुरुवातीला सगळ्यांना वाटलं कोणी मुलगी गाते आहे, मग कळलं वेग दुप्पट धरला होता, तो बाप्याचा आवाज निघाला. १४८ वर्षं जो कागद कोणाच्याही काही कामाचा नव्हता तो कोणीतरी नुसता ठेवला होता. ठेवणाऱ्याला तो कशासाठी लागेल हे माहीत असायची गरज नसते, हे मला तिथून समजलं.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, कथलाच्या पत्र्यावर खाचा पाडणारा. पुढच्या वर्षी त्यानं एक लेख लिहून या मशीनचा उपयोग काय काय होईल त्याची यादी दिली, त्यात पहिलं होतं पत्रं सांगून लिहून घेणं, आंधळ्यांसाठी बोलती पुस्तकं होती, संगीत जरा खाली होतं, अन् घरच्या माणसांचे आवाज, मरणाऱ्याचे शेवटचे शब्द जपून ठेवणं हेही होतं. म्हणजे मशीन काढणाऱ्याच्या डोक्यात माझी आजी पहिल्या दिवसापासून होती! अन् त्याच्या मेणाच्या नळकांड्यावर घरी आवाज भरता पण यायचा. पण १८८७ मध्ये बर्लिनरनं सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला, एका साच्यातून हजारो तबकड्या छापता यायच्या, स्वस्त पडायच्या, धंदा तिकडेच गेला. तबकडी घरी भरता येत नव्हती. लाल बटन गेलं ते असं.

आपल्याकडे तो धंदा १९०२ मध्ये आला, गेसबर्ग नावाचा माणूस कलकत्त्यात मशीन घेऊन उतरला अन् नोव्हेंबरात गायिका गौहर जाननं त्याच्या भोंग्यात गायलं. शेवटी इंग्रजीत आपलं नाव ओरडून सांगायचं कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या अन् तिथल्या लोकांना कळायला पाहिजे कोणाची कोणती. गंमत म्हणजे ज्या लाखेच्या त्या तबकड्या बनायच्या ती लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जायची, पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची, आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या पळसावर पण ती येतेच. माल आपला, गळा आपला, अन् एका बाजूला साधारण तीन मिनिटं. तासभर ख्याल मांडणाऱ्यांना तीन मिनिटांत आटपायचं होतं, कोणी जमवलं, कोणी भोंग्याकडे पाठ फिरवली. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, मुंबईत राहायचे जिथं कंपन्या होत्या, तरी त्यांचा आवाज आज ऐकायला नाही. अन् त्यांची शिष्या केसरबाई केरकर, तिची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोन्याच्या तबकडीवर गेली अन् आता सूर्यमालेच्या बाहेर चालली आहे. शिष्या ताऱ्यांमध्ये अन् गुरू कुठंच नाही, याला नशीब म्हणा का काही म्हणा, बटन कोणाच्या हातात होतं याचा तो हिशोब आहे.

तिथून थेट १९६३ ला येतो, मधलं सगळं (तारेवरचं रेकॉर्डिंग, जर्मन टेप, एलपी तबकडी) गाळतो कारण ते स्टुडिओवाल्यांचं अन् पैसेवाल्यांचं होतं. फिलिप्सच्या लू ओटेन्स नावाच्या इंजिनिअरनं खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा करून घेतला अन् सांगितलं की मशीन एवढंच पाहिजे. त्यातून कॅसेट निघाली. फीत चार मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी, आवाजाच्या दर्जात मोठ्या टेपपुढं काहीच नाही. पण भरता यायची! अन् पुसून परत भरता यायची, मागचे दोन कान तोडले असले तर वर सेलोटेप चिकटवून परत भरता यायची, आपण सगळ्यांनी ते केलं आहे. कॉपी काढायला कारखाना नको, दोन डेक बस. ऐंशीच्या दशकात आपल्या देशात जुन्या तबकडी कंपनीची मक्तेदारी या गोष्टीनं मोडली अन् ज्यांना कंपनीनं दारात उभं केलं नसतं असे गाणारे घराघरात पोचले.

नागपूरच्या माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांच्या स्टॉलला लागून भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल असायचे, एका स्टॉलचं गाणं संपत नाही तं दुसऱ्याचं अंगावर यायचं. वामनदादा कर्डकांसारखा कवी गावोगाव गात फिरला, १९२२ चा जन्म अन् २००४ ला गेला, त्या काळात त्याच्या ओळी मासिकांनी जेवढ्या पोचवल्या असतील त्याहून जास्त गळ्यांनी अन् कॅसेटींनी पोचवल्या असं माझं मत आहे. वस्तीतल्या कार्यक्रमात कोणीतरी टेप समोर ठेवून भरलेली कॅसेट, तिची कॉपी, कॉपीची कॉपी. या कॅसेट आज कुठं आहेत? कोणाच्या तरी माळ्यावर. तसंच खंजिरी भजनाच्या मंडळांचं, तसंच पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं अन् दंडारीच्या खेळांचं, रात्रभर चालणारा प्रयोग कोणी हौशी माणसानं पाच कॅसेट बदलत भरला असेल तर तो एकमेव पुरावा आहे, कारण कंपनीला त्यात कधी रसच नव्हता.

अन् वॉकमन? १ जुलै १९७९ ला जपानात बाजारात आला. पण सोनीनं तो कशातून बनवला ते पाहा, पत्रकारांसाठी त्यांचा एक छोटा टेपरेकॉर्डर होता, त्यातलं भरायचं काम काढून टाकलं, स्पीकर काढला, स्टिरिओ केलं अन् हलके हेडफोन दिले. कंपनीतच लोक म्हणायचे की भरता येत नाही असा टेपरेकॉर्डर घेईल कोण. घेतला, जगानं घेतला. पहिल्या मॉडेलला हेडफोनच्या दोन खाचा होत्या, एकट्यानं ऐकणं असभ्य वाटेल म्हणून. ती दुसरी खाच पुढं गेली, आपल्याला कोणालाच काही असभ्य वाटलं नाही. मी स्वतः कॉलेजात असताना एक चायना वॉकमन घेऊन धरमपेठेपासून महालापर्यंत सायकल हाणायचो, त्याबद्दल तक्रार नाही, फार सुखाचे दिवस होते. पण लाल बटन पुन्हा गेलं ते तिथंच. नंतर एमपीथ्री आला, २००१ मध्ये आयपॉड आला, पाच जीबीत हजार गाणी, तोही फक्त ऐकायचा. २०२२ मध्ये कंपनीनं आयपॉड बंद केला तेव्हा लोक हळहळले, कॅसेटसाठी हळहळणारे पण आहेत, तीन-तीन हजारांच्या नव्या एलपी घेऊन हॉलमध्ये लावणारे पण आहेत अन् हे सगळं छान आहे, फक्त ते विकत घ्यायच्या वस्तूंवरचं प्रेम आहे. त्याच माणसाच्या माळ्यावर त्याच्या बापानं भरलेली कॅसेट सडून राहिली असते.

आता फोनमध्ये बटन परत आलंय हे मान्य. सगळे भरतात, अन् फोन बदलला की सगळं जातं. तो वेगळा लेख होईल, इथं कॅसेटचं बोलू कारण तिची मुदत संपत आली आहे, खरं तर संपलीच. २०१९ मध्ये युनेस्को अन् जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांच्या संघटनेनं मिळून चुंबकी फितींबद्दल इशारा दिला होता, त्यात तारीख २०२५ ची धरलेली होती, त्याच्या पुढं बऱ्याच फिती वाचता येणार नाहीत म्हणून. कारण फक्त फीत सडते हे नाही. वाजवणारं चांगलं मशीन बनायचं जवळपास थांबलं, सुटे भाग नाहीत, बेल्ट नाहीत, फीत वाचणारे हेड नाहीत, अन् ज्याला हेडशेजारचा तो बारका स्क्रू किती फिरवला की दबलेला आवाज खुलतो हे कानानं कळतं असा मेकॅनिक पण संपत आला. सोनीनं जपानात कॅसेटचा वॉकमन बनवणं २०१० लाच थांबवलं. अन् आपला नागपूर, मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस, टिनाच्या खालच्या माळ्यावर तर विचारूच नका, लगेच जुलैत दमट, फितीवर पांढरी बुरशी. कॅसेट ठेवायला याहून वाईट गाव शोधून सापडायचं नाही.

पैशाचं म्हणाल तर हिशोब करून पाहिला. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटं लागतातच, तिथं शॉर्टकट नाही. एक डेक दिवसाला सहा तास चालला, वर्षात अडीचशे दिवस, तर दीड हजार कॅसेट होतात. चांगल्या दर्जात, फाइल न दाबता ठेवायच्या तर तासाला दोन जीबीच्या आसपास, म्हणजे वर्षाची सगळी कमाई तीन टीबीत मावते. एक हार्ड डिस्क, अन् दुसरीवर तिची कॉपी दुसऱ्या इमारतीत. खर्च खरा माणसाच्या पगाराचा आहे अन् तोच कोणाला द्यायचा नसतो, हे मला माहीत आहे.

कायद्याची भीती दाखवणारे भेटतात. कॉपीराइट कायद्यात प्रकाशित ध्वनिमुद्रणाला ६० वर्षं आहेत, ठीक आहे, रेडिओवरून भरलेली सिनेमाची गाणी वाचनालयानं कोणाला वाटूच नयेत, ती तशीही नकोत. घरी भरलेल्याला घरच्यांची परवानगी लागेल, गाणाऱ्याची लागेल. कॅसेटींमध्ये भांडणं निघतील, कोणाच्या लग्नाची बोलणी निघतील, हयात माणसांची नावं निघतील, तेव्हा घरचे म्हणतील तर वीस-तीस वर्षं कुलुपात ठेवा. ठेवणं अन् ऐकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आज करावं लागेल, दुसऱ्याला वेळ आहे.

उरला शेवटचा आक्षेप, की यातलं नव्वद टक्के भंगार असेल. असेल. मी भांडणार नाही. पण भंगार कोणतं ते आज ठरवायचं कोणी, बर्डीवरच्या पोट्ट्यानं? ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या वेळी, साधारण शंभर वर्षांपूर्वी, इंग्रज सरकारनं इथल्या भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या करून घेतल्या, त्या आज इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. त्यात प्रत्येक बोलीत एक ठरलेली गोष्ट सांगायला लावायचे, बायबलातली, उधळ्या मुलाची. सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठीच्या खंडात वऱ्हाडी-नागपुरीचे छापील नमुने पण आहेत. उपकारच आहेत ते, पण माणूस साहेबासमोर बसून बायबल सांगताना कसा बोलतो अन् पाच लुगड्यांवर एवढासा गंज मिळत असताना कसा बोलतो यात फरक आहे की नाही? आजी-भांडेवालीच्या त्या अकरा मिनिटांत जी नागपुरी आहे ती कोणत्याच सर्वेक्षणाला मिळाली नसती, कारण तिथं कोणी पाहूनच राहिलं नव्हतं.

आपल्याकडे छापलेल्याला सगळी व्यवस्था आहे. १९५४ च्या कायद्यानं देशात छापलेलं प्रत्येक पुस्तक, कितीही टुकार असो, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला अन् आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावं लागतं. त्या कायद्यात पुस्तकं आहेत, नंतर वर्तमानपत्रं आली, आवाज नाही. राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अ, ब, क, ड वर्ग आहेत, अनुदान आहे, अन् सगळी मोजदाद पुस्तकं-मासिकांची. उद्या ध्वनिसंग्रहाचे चार गुण त्या वर्गवारीत टाका अन् पाहा, जे वाचनालय आज 'जागा नाही' म्हणतं तेच कॅसेट गोळा करायला गाडी फिरवेल.

मी स्वतः गेलो होतो एका वाचनालयात, नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. खोका घेऊनच गेलो. ग्रंथपाल मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला, अकरा मिनिटांतली चारेक मिनिटं माझ्या फोनवर ऐकली (मामेभावाच्या डेकवर परत उतरवून घेतलंय), हसल्या पण मनापासून. मग दाखल रजिस्टर उघडून माझ्यासमोर सरकवलं. रकाने होते लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत. म्हणाल्या, तुम्हीच सांगा भाऊ, लेखकाच्या जागी काय लिहू? मी म्हटलं दोन नावं लिहा, आजीचं अन् भांडेवालीचं. त्यांनी खरंच पेन उचललं. भांडेवालीचं नाव विचारायला तिथूनच आईला फोन लावला, तर आईला ते आठवेना. म्हणे, आम्ही तिला भांडेवालीच म्हणायचो.